कापलेले शब्द

इंदूरच्या मराठी घरात गाण्याचा कान नसणे हा जरा लाजिरवाणाच प्रकार. लता मंगेशकरांचा जन्म इथला, १९२९ सालचा. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गायकीला तर गावाचेच नाव मिळालेले. कुमार गंधर्व राहिले ते जवळच्या देवासला. एवढी पुण्याई भोवती असून मला धड सा लावता येत नसे.

आवाजाचे काम मात्र घरातच होते. बाबा आकाशवाणीच्या इंदूर केंद्रावर ध्वनिमुद्रण विभागात. त्यांची सारी विद्या पाव इंची फितीवरची. फीत सेकंदाला साडेसात इंच धावायची, म्हणजे वक्त्याचा अर्ध्या सेकंदाचा खोकला पावणेचार इंच लांब! बाबा दोन्ही हातांनी रिळे मागेपुढे फिरवून तो खोकला नेमका गाठत, पेन्सिलीने खूण करीत, ब्लेडने तिरका छेद देत आणि चिकटपट्टीने टोके जोडीत. छेद तिरका असला की सांधा कानाला कळत नाही. कापलेले तुकडे मात्र ते लगेच टाकत नसत. पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवीत. "कार्यक्रम प्रसारित होईपर्यंत काही फेकायचं नाही," हा त्यांचा नियम.

२००८ साली बी.कॉम. होऊन मी एका छोट्या स्टुडिओत उमेदवारीला लागलो. तिथे फीत नव्हती, ब्लेड नव्हते. होते ते 'प्रो टूल्स' नावाचे सॉफ्टवेअर. १९९१ साली ते बाजारात आले तेव्हा त्यात जेमतेम चार ट्रॅक होते, आणि आता जगभरचे स्टुडिओ त्यावर चालत होते. २०१० पर्यंत ते त्या कंपनीच्याच उपकरणांना जोडल्याशिवाय उघडत नसे. त्यामुळे घरी सराव शक्य नव्हता. दिवसभर तारा गुंडाळायच्या, चाय आणायची आणि रात्री स्टुडिओ रिकामा झाला की शिकायचे.

पहिला धडा लाल दिव्याचा. फितीवर आवाज थोडा चढला तरी फीत सांभाळून घेते. संगणक घेत नाही. मर्यादा ओलांडली की आवाज फाटतो आणि मग शिवता येत नाही. दुसरा धडा मी स्वतःच ओढवून घेतला. त्यात कापण्याच्या चार पद्धती आहेत. त्यांतली 'शफल' चालू असताना मी गायिकेच्या ट्रॅकमधला एक उसासा उडवला. रिकामी जागा भरायला तिचे पुढचे सगळे गाणे पुढे सरकले, आणि तबला बिचारा राहिला मूळ जागी. दोन मिनिटे बाई एका तालात नि तबला दुसऱ्या! मालकांनी एकच वाक्य ऐकवले, "भिया, पहले देखो किस मोड में हो, फिर हाथ चलाओ."

वर्षभरात हात चांगला बसला, आणि हात बसला की माणूस शहाणपणा करायला लागतो. पुण्याच्या मावशीला नातवंडांसाठी आईच्या आवाजात लहानपणच्या दिवाळीच्या गोष्टी हव्या होत्या. एका रविवारी मालकांच्या परवानगीने आईला स्टुडिओत बसवले. आई तासभर बोलली. पण तिची मराठी आमची इंदुरी. "बाजूवाल्या काकू अनारसे तळून राहिल्या होत्या," "आम्हाला काय मालूम," "मतलब समज ना." हे पुण्याला जाणार या विचाराने मला घाम फुटला. दोन रात्री बसून मी एकेक 'मालूम' आणि 'मतलब' वेचून काढला. "तळून राहिल्या" दुरुस्त करता येईना, तेव्हा ती वाक्येच उडवली. सांधे असे बेमालूम की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

बाबांना ऐकवले. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "सांधे उत्तम. आवाजही हिचाच. पण ही बाई कोण?"

मी गप्प झालो. त्यांनी विचारले, "तुकडे कुठे आहेत?"

तेव्हा मला या सॉफ्टवेअरचा खरा गुण उमगला. रोज वापरत होतो, पण लक्ष गेले नव्हते. तिथे आपण कापतो म्हणजे मूळ ध्वनीला हातच लावत नाही. कुठून कुठपर्यंत वाजवायचे, एवढीच सूचना बदलतो. मूळ फाइल आपण हाताने पुसत नाही तोवर जशीच्या तशी पडून असते. दुसऱ्या रात्री बाबांना शेजारी बसवले आणि कापलेल्या तुकड्याची कड माऊसने धरून हळूच बाहेर ओढली. पडद्यावर ध्वनीची रेघ उलगडत गेली आणि आई म्हणाली, "...मतलब समज ना." बाबा खळखळून हसले. "आमचा डबाच की हा!"

सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळे समजावायला नको. तुमच्या घरात कानडी शब्द असतील, आमच्या घरात हिंदी. पाहुणे आले की ते माजघरात ढकलायचे, ही खोड आपल्या सगळ्यांचीच. पण आईने ती दिवाळी ज्या शब्दांत पाहिली, त्याच शब्दांत ती सांगणार ना!

पुण्याला अखेर न कापलेला तास गेला. मावशीचा फोन आला तेव्हा ती बोलत कमी आणि रडत जास्त होती. इंदूर सोडून तिला तीस वर्षे झाली होती, आणि "तळून राहिल्या" म्हणणारे तिला पुण्यात कोणी भेटले नव्हते.

आई २०१६ साली गेली. बाबांच्या जुन्या फितींच्या सांध्यांचा गोंद आता वाळून सुटतो. मी मात्र ती फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान आटोपले की लावतो. अनारशांचा प्रसंग आला की बाबा हळूच आवाज वाढवायला सांगतात.