मागे कोण बसतं

आमच्या वडिलांना दळणाला निघताना आधी पाना लागायचा. मागच्या दोन्ही शॉकअपच्या बुडाशी असलेली रिंग ते वरच्या खाचेत सरकवत. मग मागे आई, तिच्या मांडीवर डबा आणि टाकीवर मी. गॅरेजवाले याला स्प्रिंग कडक करणं म्हणतात. कडक वगैरे काही होत नाही. स्प्रिंग तीच, फक्त आधीपासून थोडी दाबून धरलेली, म्हणून ओझ्याने गाडी कमी बसते.

मोटारसायकलला मागे शॉकअप नसायचेच, असाही काळ होता. चाक चासीला जखडलेलं, खड्डे सीटच्या स्प्रिंगांनी आणि मणक्यांनी वाटून घ्यायचे. १९४८ साली इटलीत सॅन रेमोला झालेल्या सहा दिवसांच्या स्पर्धेत रॉयल एनफिल्डने मागच्या चाकाला शॉकअपवर वरखाली होऊ देणारा स्विंग आर्म असलेल्या बुलेट उतरवल्या आणि सुवर्णपदकं मिळवली.

माझ्या बुलेटला पाच खाचा आहेत. लग्नापर्यंत रिंग तळाशीच होती. नंतर एक खाच चढली, मुलगी मधे बसू लागल्यावर आणखी एक.

हल्ली सीट दाबून सोडली की मागची बाजू डुलत राहायची. म्हणजे शॉकअप गेले. स्प्रिंग धक्का झेलते, पण झेललेला परतही करते. तिला आवरायचं ते आतल्या बारीक भोकांतून नाइलाजाने सरकणाऱ्या तेलाने. ते तेल केव्हाच बाहेर येऊन दांड्यावर धुळीचा काळा लगदा झालं होतं.

काम घरी होण्यासारखं आहे. गाडी मेन स्टँडवर घ्यायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरा शॉकअप स्विंग आर्मला धरून ठेवतो, नाहीतर चाक खाली लोंबतं. डोम नट सुटला, वॉशर निघाला, पण शॉकअप बोल्टावरून हलेना. तेल सोडून, डावीउजवीकडे झुलवत ओढला तेव्हा आला. रबरी बुशचं गोल भोक लांबट झालेलं, एका अंगाला रबर नखाएवढंच उरलेलं. स्प्रिंग उतरवायच्या फंदात मात्र घरी पडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडते.

नवी जोडी बसली. रिंग कुठे ठेवायची याचा विचार करत होतो, तेवढ्यात मुलीने पाना घेतला. “बाबा, आता मी चालवणार, मागे तू. तुझ्या वजनाने लावू.”

मी म्हटलं, तिसरी. तिने माझ्या पोटाकडे बघून चौथी लावली.