बोटाला कळणारे यंत्र

यंत्र कितीही बलवान असले, तरी माणसाशी त्याचा संबंध येतो तो काही बटणे, एखादा दांडा आणि दोन-चार दिवे यांच्यामार्फत. यालाच नियंत्रण फलक म्हणतात. यंत्राच्या पोटातील चाके आणि तारा कामगाराला दिसत नाहीत. त्याच्यासमोर असतो तो हा फलक. त्याची रचना सदोष असेल, तर सरावलेला हातही चुकतो.

बंगळुरू आज संगणकाचे शहर म्हणून ओळखले जाते. परंतु त्याआधी ते यंत्रांचे शहर होते. १९५३ साली येथे हिंदुस्थान मशीन टूल्स हा सरकारी उद्योग स्थापन झाला आणि यंत्रे घडवणारी यंत्रे तयार होऊ लागली. पीण्या भागातील लहानमोठ्या कारखान्यांत आजही लेथ आणि प्रेस अखंड चालत असतात. प्रेसखाली पत्रा ठेवताना क्षणभर लक्ष विचलित झाले, तर बोटे जातात. म्हणून काही प्रेसवर दोन बटणे एकमेकांपासून दूर बसवतात. दोन्ही हातांनी ती एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. साहजिकच हात धोक्याच्या जागी राहूच शकत नाहीत. संकटकाळी यंत्र थांबवणारे बटण लाल, मोठे, अळंबीसारखे फुगीर आणि पिवळ्या पार्श्वभूमीवर असते. घाबरलेला माणूस वाचत बसत नाही. त्याचा तळहात त्यावर सहज आपटावा, अशी ती योजना असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी वैमानिक विमान उतरवल्यावर पंखांच्या झडपांऐवजी चुकून चाकेच आत ओढून घेत. दोष वैमानिकांचा मानला जाई. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि सारखेच होते. त्याने एकाला चाकाचा, तर दुसऱ्याला पाचरीचा आकार सुचवला. न पाहताही बोटांना फरक कळू लागला.

हाच विचार आपल्या ओळखीच्या एका यंत्रात दिसतो. मतदान यंत्र बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये, तसेच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनमध्ये बनते. त्याचे बाह्य रूप घडवण्यात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवैया यांचा वाटा आहे. १९८२ साली केरळमधील परवूर मतदारसंघात ते प्रथम वापरले गेले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभर मतदान त्यावरच झाले.

हे यंत्र वापरणाऱ्याला कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नसते. कित्येकांना अक्षरओळखही नसते. म्हणून नावाशेजारी चिन्ह असते आणि चिन्हाच्या ओळीतच निळे बटण. ते दाबताच त्याच ओळीतील लाल दिवा लागतो आणि ‘बीप’ असा आवाज येतो. आपली कृती यंत्राला पोहोचली, याची ग्वाही डोळ्यांना आणि कानांनाही मिळते. अंध मतदारांसाठी ब्रेल अंक असतात. एकदा मत दिल्यावर कितीही वेळा बटण दाबले, तरी दुसरे मत नोंदले जात नाही. त्यासाठी मतदान अधिकाऱ्याने आपल्या भागावरील बटण पुन्हा दाबावे लागते.

चूक झाली, की माणसाला अडाणी ठरवणे सोपे असते. फलक बदलायला मात्र वेळ आणि पैसा लागतो. यंत्राचा आराखडा काढणाऱ्याने रात्रपाळीच्या अखेरीस थकलेल्या कामगाराशेजारी उभे राहावे, त्याचा हात कोठे अडखळतो ते पाहावे आणि त्याला विचारावे. त्याच्या अनुभवाला आराखड्यात जागा मिळाली, तर अनेक अपघात होण्यापूर्वीच टळतील.