शिरवळ राहिलं

४ जून
अण्णांना स्टॉप विचारले. स्वारगेट, कात्रज, खेड-शिवापूर, सुरूर, पाचवड, सातारा. शिरवळ राहिलं. ३१ वर्षं याच रूटला कंडक्टर होते.

७ जून
न्यूरोलॉजिस्टकडे. वार, महिना विचारला. घड्याळ काढायला लावलं. सगळे आकडे एका बाजूला, काटे नाहीतच.
डॉक्टर म्हणाले, "अल्झायमर असावा. पण त्यांची चाल बघा. पाय जमिनीला चिकटल्यासारखे उचलतात. त्याचं कारण वेगळं असू शकतं. एमआरआय करून घेऊ."
दादा फोनवर म्हणाला, एकदाचं नाव तरी कळू दे. मलाही तेवढंच हवंय.

१० जून
एमआरआय. अंगावर धातू चालत नाही. करदोट्याला बांधलेली ट्रंकेची किल्ली सोडायला तयार नाहीत. शेवटी माझ्या मुठीत दिली, वर मूठ दाबून बघितली. बाहेर आल्यावर म्हणाले, "घाटात गाडी बंद पडली होती का?"

१३ जून
डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. हिप्पोकॅम्पस दोन्हीकडे आक्रसलाय. नव्या आठवणी तिथे रुजतात म्हणे. दुसऱ्या चित्रात आतल्या भागात पांढरे डाग, काही एकमेकांत मिसळलेले. बारीक रक्तवाहिन्यांचं नुकसान. शिवाय खोलवर एका जुन्या, छोट्या झटक्याची खूण. घरात कुणाला पत्ताच नव्हता.
"बीपीची गोळी नेमाने घेतात ना?"
हो म्हटलं.

१८ जून
पेट स्कॅन. उपाशीपोटी नेलं. आधी साखर तपासली, मग किरणोत्सारी ग्लुकोजचं इंजेक्शन. अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं. मेंदूचा कुठला भाग किती साखर वापरतो ते यात दिसतं. दर ११० मिनिटांनी किरणोत्सार निम्मा होतो. तरी आज लहान मूल जवळ घेऊ नका म्हणाले. संध्याकाळभर नातवाला हाका मारत होते.

२१ जून
कानशिलाकडचा आणि वरचा मागचा भाग मंद. ही ठेवण अल्झायमरची. एमआरआयवरचे डाग रक्तवाहिन्यांचे. म्हणजे दोन्ही. मिश्र डिमेन्शिया.
कुणाचा वाटा किती, विचारलं. "तसं चित्रावरून मोजून सांगता येत नाही. पहिला आजार थांबवता येत नाही. दुसऱ्याला आवर घालता येईल. बीपी सांभाळा, साखर सांभाळा, चालवा त्यांना."

२२ जून, रात्र
झोप नाही. वाचत बसले. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या बाईंची केस मांडली, त्यांच्या मेंदूतल्या मोठ्या रक्तवाहिन्याही कठीण झाल्या होत्या. १९०७ च्या त्यांच्या छापील टिपणात तशी नोंद आहे. बाई गेल्यावर मेंदू उघडला तेव्हा ते दिसलं. अण्णा शेजारच्या खोलीत घोरतायत.

२४ जून
किल्ली माझ्याकडेच राहिली होती. ट्रंक उघडली. तिकिटांचा पंच, बिल्ला, जुना खाकी शर्ट. शर्टाखाली बीपीच्या गोळ्यांची पाकिटं. १२. एकही गोळी फोडलेली नाही. चार महिन्यांच्या गोळ्या. मीच आणून हातात देत होते. घेतली का विचारलं की हो म्हणायचे.

२५ जून
डॉक्टरांना सांगितलं. बीपी १७२/९८. रागावले नाहीत. "पडलेले डाग जाणार नाहीत. नवे पडू नयेत म्हणून झटायचं. गोळी गिळेपर्यंत समोर उभ्या राहा."

२६ जून
दादाला फोन. एक नाव नाही, दोन आहेत. बराच वेळ बोलला नाही. ट्रंकेचंही सांगितलं.

१६ जुलै
सकाळी आठला गोळी, माझ्यासमोर. मग गल्लीच्या टोकापर्यंत दोन फेऱ्या. शिरवळ आजही राहिलं. बीपी १३४/८२.