उधन्याचे माग, वडगावचे मग्ग

सुरत म्हटले की आपल्याला शिवाजी महाराज आठवतात. १६६४ आणि १६७०, दोन्ही सनावळ्या शाळेत पाठ केलेल्या. पण अक्का-दाजींच्या घरी जायचे तर सुरत स्टेशनावर उतरून भागत नाही. त्यांचे घर दक्षिणेला, उधन्यात.

उधना हे मूळचे सुरतेबाहेरचे गाव, आता शहराने गिळलेले. इथूनच जळगावची लाइन फुटते. तापी खानदेशातून सुरतेला येते आणि ही लाइनही त्याच खोऱ्यातली. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसे याच गाड्यांनी यंत्रमागांवर कामाला आली. त्यामुळे उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात वाण्याच्या दुकानातही मराठी चालते. महापालिका गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते, याचे आपल्याकडच्या वाचकांना जरा नवल वाटेल!

कानावर येते ती मात्र अहिराणी. आपण 'जाऊलालोय' म्हणतो, हे म्हणतात 'जाई राहिनू'. आपले 'जाऊलालोय' आणि 'होगाकत्तीनी' हे सख्खे भाऊ. एकात 'लागणे' दडले आहे, दुसऱ्यात 'हत्तु'. दाजींना आता तिन्ही येतात, वर गुजराती.

दाजी वडगावचे विणकर. त्यांनी मला शेडमध्ये नेले. खडखडाट एवढा की शेजारच्याशीही खुणेने बोलायचे. धागा पॉलिएस्टर, कापड मैलोगणती. हेच कापड छापून, साडी होऊन बेळगावच्या दुकानात येते आणि आमच्या मागावरच्या साडीपेक्षा स्वस्त पडते. माझे चार माग विकावेत का, हे विचारायलाच मी गेलो होतो. दाजी म्हणाले, "वीक आणि इकडं ये. काम मिळंल."

ते रात्रपाळीला गेल्यावर अक्का बोलू लागली. मिठी खाडी फुगली की लिंबायतेत पाणी शिरते, २००६ च्या ऑगस्टात तर तापीच्या पुराने निम्म्याहून अधिक शहर बुडवले, असे सांगत होती. मधेच थांबून म्हणाली, "इल्लि यार जोडी कन्नड माताडली?" इथं कन्नड कुणाशी बोलू? नातवाला मराठी, गुजराती, हिंदी येते; कन्नड एक अक्षर नाही. मग आम्ही बारा वाजेपर्यंत कन्नडातच बोललो. आईच्या शिव्यासुद्धा आठवून झाल्या.

नंदुरबारला भाचीकडे जायचे म्हणून परतताना जळगावची गाडी धरली. वाटेत नवापूर लागते. या स्टेशनाची गंमत अशी की अर्धा फलाट गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तर दुसऱ्यात. हद्दीवरच्या बाकावर एक आजोबा आडवे झोपले होते, डोके महाराष्ट्रात. आपल्याकडे सीमेवर एवढी शांत झोप कुणाला लागली असती का, कोण जाणे.

गाडीतूनच घरी फोन लावला. दोन माग विकायचे, दोन ठेवायचे, असे मुलाला सांगितले. तो म्हणाला, "आणि ठेवलेल्यांवर काय विणायचं?" तेवढ्यात रेंज गेली.