हाताने फिरणारे भिंग

जुन्या भिंगांची वाखाणणी होते ती बहुधा त्यांच्या रंगांच्या मार्दवासाठी किंवा पार्श्वभूमीच्या विरघळण्यासाठी. परंतु डिजिटल एसएलआरवर ती लावण्याचे खरे प्रयोजन, माझ्या मते, त्यांच्या फोकसच्या कड्यात आहे. स्वयंचलित भिंगात मोटरीला क्षणार्धात काम उरकावयाचे असल्याने कड्याची फेरी आखूड ठेवलेली असते, आणि बुबुळापासून पापणीपर्यंतचे अंतर बोटाच्या नकळत हालचालीसरशी ओलांडले जाते. उलट १९५९ साली निकॉन एफ कॅमेऱ्याबरोबर अवतरलेल्या व १९७१ मध्ये नवी रचना लाभलेल्या १०५ मिलिमीटर, एफ/२.५ निक्कोरचे कडे इतके सावकाश आणि घट्ट फिरते, की निर्णयाची संपूर्ण मुखत्यारी बोटांकडे राहते. स्टीव्ह मॅक्करी यांनी टिपलेली, जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावरील अफगाण मुलीची मुद्रा याच जातीच्या भिंगातली.

एफ माउंटचा दस्तूर आजही कायम असला, तरी जोडण्यापूर्वी खातरजमा करावी, कारण १९७७ च्या एआय पद्धतीपूर्वीचे, फेरफार न केलेले भिंग डी७००सारख्या कॅमेऱ्याच्या नाजूक कळीला इजा करू शकते. एआय भिंगाची फोकल लेंग्थ आणि कमाल ॲपर्चर मेनूत नोंदवले, की डी७००चा मीटर आपला कारभार चोख करतो. डी४०वर मात्र मीटर मुकाच राहतो आणि प्रकाशाचा अंदाज छायाचित्रकाराला स्वतः बांधावा लागतो.

खरी अडचण व्ह्यूफाइंडरची आहे. फिल्मच्या काळातील काचेवर मध्यभागी दुभंगलेली प्रतिमा असे आणि तिचे दोन अर्ध जुळले की फोकस साधल्याची निःशंक साक्ष मिळे. आजची काच स्वयंचलित, बहुधा मंद भिंगांसह दृश्य उजळ दिसावे म्हणून घडवलेली असल्यामुळे, एफ/१.४ वर उघडलेल्या भिंगाचीही खोली ती सुमारे एफ/२.८ इतकीच दाखवते, आणि डोळ्याला जे स्पष्ट भासले ते छायाचित्रात धूसर निघते. कोपऱ्यातील हिरवा ठिपका काहीसा आधार देतो; कॅमेरा तिपाईवर असेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये दृश्य मोठे करून पाहण्याइतका भरवशाचा उपाय दुसरा नाही.

परंतु जिवंत माणसाचे व्यक्तिचित्र तिपाईच्या शिस्तीत क्वचितच बसते. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावरून, एफ/२.५ ला या भिंगाची स्पष्टतेची पट्टी जेमतेम साडेतीन सेंटिमीटरांची असते, आणि समोरचा माणूस बोलता बोलता तेवढा सहज हलतो. म्हणून कडे एका जागी रोखून, श्वासाबरोबर आपले शरीरच किंचित पुढेमागे झुलवीत, जवळच्या डोळ्यावर तीक्ष्णता येताच शटर दाबण्याची रीत मी पत्करली आहे. तिच्यात वेग नाही, धावणाऱ्या मुलांपुढे ती निरुपयोगी ठरते. परंतु ज्याला आपल्याशी बोलण्यास अवकाश आहे अशा वृद्धासमोर बसलो असता मी दुसऱ्या कोणत्याही भिंगाची इच्छा करीत नाही.