आधी पाणी, मग हात



आता वस्तीवरसुद्धा दारात मोटार उभी असणे ही काही नवलाई राहिलेली नाही. कुणाची डाळिंबावर आली, कुणाची उसावर, कुणाची मुलाच्या नोकरीवर. बहुतेकांची मात्र बँकेच्या कर्जावर आलेली असते. माझे फिरणे गावोगाव असते, त्यामुळे एक गोष्ट वारंवार दिसते. हप्ते अजून फिटायचे असतात आणि गाडीचा रंग मात्र उडालेला असतो. बॉनेटवर उन्हात पाहिले तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे, पाण्याचे पांढरे डाग, दाराच्या खालच्या कडेला तांबेरा. पुढे विकायला काढली की गिऱ्हाईक पहिले बोट त्यावरच ठेवते.

पुष्कळांना वाटते, रंग म्हणजे शोभा. तसे नाही. रंग ही पत्र्याची कातडी आहे. कारखान्यात गाडीचा सांगाडा आधी गंजरोधक द्रावणाच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर पहिला थर बसवतात. त्यावर अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लुकणाचा थर. हे सगळे थर भट्टीत भाजून पक्के करतात. एवढे करून सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, म्हणजे वहीच्या एक-दीड कागदाएवढी. वरचे लुकण तर सुमारे ४० मायक्रॉनच. हवा, पाणी आणि लोखंड यांच्यामध्ये एवढाच पडदा असतो. तो फाटला की गंज आलाच.

हा पडदा सर्वांत जास्त कशाने फाटतो? दुर्लक्षाने नव्हे, मायेने! सकाळी उठून कोरड्या फडक्याने गाडी पुसायची, हे आपल्याकडे घरोघर चालते. रात्रभर बसलेल्या धुळीत मातीचे आणि वाळूचे कठीण कण असतात. कोरडे फडके फिरवले की ते कण फडक्याखाली सापडतात आणि पॉलिश पेपरसारखे लुकण खरडतात. पोरे धुळीवर बोटाने नावे लिहितात, तेही तसेच.

एका गावी याच कारणावरून घरात अबोला झालेला पाहिला. मुलाने नवी गाडी आणली. त्याचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणतात, रोज पहाटे जुन्या धोतराच्या फडक्याने ती चकाचक पुसत. तीन-चार महिन्यांनी मुलाला चरे दिसले. तो तोडून बोलला, "आबा, यापुढं गाडीला हात लावू नका." म्हातारा माणूस गप्प झाला. गाडीत बसायलाही तयार होईना. बाजाराला जायचे तर एस्टीने जाई.

मी फळबाग पाहायला गेलो होतो तेव्हा हे कानावर आले. मी म्हटले, "आबा, बैलाच्या अंगावर चिखल वाळलेला असला तर तुम्ही काय करत होता?"

आबा म्हणाले, "पाण्यात उभा करायचा, साहेब. भिजला की चिखल आपसूक सुटतो. कोरडाच घासला तर कातडं सोलवटतं."

"मग गाडीचंही तसंच," मी म्हटले. "आधी पाणी, मग हात."

आबा थोडा वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि मुलाला म्हणाले, "एवढंच होतं, तर तेवढंच सांगायचं होतंस." मुलगा काही बोलला नाही. उठून नळी आणायला गेला. आता त्या घरी गाडी धुण्याचे काम आबांकडेच आहे, आणि त्यांच्याइतके ते कुणाला नीट जमत नाही.

पद्धत सोपी आहे. गाडी सावलीत, बॉनेट गार असताना, सकाळी किंवा संध्याकाळी धुवावी. प्रथम वरून खाली नुसते पाणी सोडून धूळ भिजवून वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीचा शाम्पू घातलेले पाणी, दुसरीत साधे पाणी. मऊ कापड शाम्पूत बुडवावे, टपापासून सुरुवात करून हलक्या हाताने फिरवावे, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच परत शाम्पूत घालावे. चाके आणि खालचा चिखल शेवटी, आणि त्याचे फडके वेगळे. कपड्याची पावडर वापरू नये, तिच्यातल्या सोड्याने रंगावरचे मेण निघून जाते. डिझेलच्या बोळ्याने पुसले की घटकाभर चकाकी येते, पण त्यावर धूळ चिकटते आणि रबर खराब होते.

धुतल्यावर गाडी तशीच वाळू देऊ नये. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात. पाणी उडून जाते आणि क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने रंगावर बसतात, ठिबकच्या तोंडाशी बसतात तसेच. म्हणून स्वच्छ मऊ कापडाने लगेच टिपून घ्यावे.

आता शेतकऱ्याच्या गाडीचे खास शत्रू. द्राक्षबागाईतदार बोर्डो मिश्रण करताना त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. विळ्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला असे समजतात. म्हणजे मोरचूद लोखंडाला खातो हे आपल्याला ठाऊकच आहे. तरीही मोरचुदाची फुटकी पिशवी आपण डिकीत टाकतो! म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, ते मिठासारखेच पत्र्याला गंजवते. युरिया हवेतली ओल ओढून घेतो. खते आणि औषधे न्यायचीच झाली तर घमेल्यात किंवा जाड प्लॅस्टिकवर ठेवावीत आणि घरी आल्यावर डिकी झाडून ओल्या फडक्याने पुसावी. फवारणीच्या पंपाने गाडी धुणारे बरेच आहेत. त्या टाकीत तणनाशकाचा किंवा ताम्रयुक्त औषधाचा अंश उरलेला असतो. तो पंप शेतातच बरा.

गाडी कुठे उभी करता हेही पाहा. मोहोराच्या दिवसांत आंब्याखाली उभी केली तर तुडतुड्यांचा चिकटा तिच्यावर पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. पाखरांची विष्ठा उन्हात वाळली की लुकणात डाग कोरते. ती दिसली की खरवडू नये, ओले फडके काही वेळ ठेवून मऊ करावी आणि उचलून घ्यावी. गोठ्याला लागून गाडी लावू नये, जनावराचे शिंग लागायला वेळ लागत नाही. धुळीने भरलेल्या गाडीवर ताडपत्री बांधणे तर फार वाईट. वाऱ्याने ती फडफडते आणि घासते, शिवाय आत ओल कोंडते.

भगिनींना एक विनंती. नव्या गाडीची पूजा अवश्य करावी, पण कुंकवाचे स्वस्तिक रंगाऐवजी काचेवर काढावे. कुंकवात हळद आणि चुना असतो, त्याचा डाग उन्हात पक्का बसतो. हार तारेत ओवलेला असेल तर दोऱ्यात ओवून घ्यावा, आणि नारळ बंपरवर न फोडता जमिनीवर फोडावा.

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब कसा घरंगळतो ते सर्वांनी पाहिले आहे. त्या पानावर मेणाचा सूक्ष्म थर असतो. ज्वारीच्या ताटावरची पांढरी भुकटीही मेणच. ब्राझीलच्या कोरड्या भागात कार्नोबा नावाचा ताड आहे. उन्हाळ्यात पाणी राखण्यासाठी तो पानांवर असाच मेणाचा थर धरतो. तेच मेण खरवडून गाडीच्या मेणात घालतात. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाची खांदेमळणी करतो ना, तशीच ही रंगाची मळणी समजा. एकदा पावसाळ्यापूर्वी, एकदा दिवाळीनंतर, धुतलेल्या कोरड्या गाडीवर पातळ थर लावून पुसून घेतला तरी पुष्कळ. नव्या गाडीचा रंग भट्टीत भाजलेला असल्याने मेणासाठी थांबावे लागत नाही. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या गाडीला मात्र काही आठवडे जाऊ द्यावेत. दगड उडून टवका निघाला तर त्याच रंगाच्या छोट्या बाटलीतला रंग लगेच लावावा, गंज धरेपर्यंत वाट पाहू नये.

कुणी म्हणेल, "साहेब, एप्रिल-मे महिन्यात प्यायच्या पाण्याला टँकर लागतो, गाडी कशाने धुवायची?" बरोबर आहे. नळी न लावता तीन बादल्यांत गाडी नीट धुऊन होते. पण तेवढेही पाणी नसेल तर पाणी जनावरांना आणि रोपांना घालावे, गाडीला नाही. धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचे फारसे काही बिघडत नाही, बिघडते ते घासल्याने. काच तेवढी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि बाकीची गाडी पहिला पाऊस येईपर्यंत खुशाल मळकी राहू द्यावी. शेतकऱ्याच्या दारातल्या मळक्या गाडीला कुणी हसत नाही.