सोळा रात्रींचा हिशेब

वरळी कोळीवाड्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे आम्ही परवां गेलों होतों. त्याच्या आईनें एक लहानसें यंत्र पुढें केलें. "गुरुजी, सुनेनं आणलंय. दिवस खरंच कळतो का?"

मनूनें ऋतुकाल सरसकट सोळा रात्रींचा सांगितला. हें यंत्र त्या एकाच स्त्रीच्या मूत्रांतील संप्रेरकें पाहतें. त्यांतील एक एकाएकीं वाढलें, कीं सुमारें २४ ते ३६ तासांत बीज सुटतें. सुटल्यावर तें फार तर एक दिवस टिकतें. आम्हीं म्हटलें, "तुम्ही तिथीवरून उधाण ओळखतां ना? तसेंच हें, मात्र प्रत्येकीची तिथि निराळी."

"मग वर्ष झालं, पाळणा का हलत नाही?" सुनेनें मान खालीं घातली.

आम्हांस आमची थोरली वहिनी आठवली. तिला घरानें जन्मभर वांझ म्हटलें. दादांची तपासणी कोणीं सुचविली नाहीं, आणि आम्हींहि तोंड उघडलें नाहीं. म्हणून या वेळीं स्पष्ट सांगितलें, "यंत्र दिवस सांगतें, उणीव कोणांत आहे, तें सांगत नाहीं. ती पुरुषांतहि असूं शकते. वर्ष उलटलें, आतां दोघांनींहि डॉक्टरांकडे जावें."

विद्यार्थी क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "पहिली तपासणी माझी."

वहिनीचें ऋण यानें फिटलें नाहीं; पण एका सुनेवरचा बोल तरी टळला.